उस्तादांची नवी खुर्ची

खुर्ची दारात उतरली तेव्हा माझ्या हातात ओल्या टॉवेलांची बादली होती. टेम्पोवाल्याने विचारलं, "कुठे ठेवू?" मी म्हटलं, "ठेव माझ्या डोक्यावर." तो बिचारा खरंच खुर्ची तिरकी करून आत यायला लागला.

लालभडक खुर्ची. पायाने दाबलं की वर चढणारी, दांडा ओढला की मागे आडवी होणारी, मानेला उशी, हातांना गाद्या, खाली चकचकीत तबकडी. आमच्या दुकानात केस कापायच्या दोनच खुर्च्या मावतात, तिसरीला जागा नाही. म्हणजे जुनी काढायची. जुनीला काय धाड भरली होती? काही नाही. कुरकुरायची जरा, पण कुरकुरतो तर मीसुद्धा.

"उस्तादांनी स्वतः निवडली," टेम्पोवाला कौतुकाने म्हणाला.

"आणि उस्ताद कुठे आहेत?"

"येतायत मागून. तिथे चहा घेत होते."

चहा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण उस्ताद म्हणजे आमचे हे, आणि आमचे हे त्या वेळी मोठ्या दवाखान्यात, मज्जातंतूंच्या डॉक्टरांसमोर बसलेले असायला हवे होते. सकाळी मीच इस्त्रीचा शर्ट काढून दिला, फाइल हातात दिली, तपासण्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे पाकिटात घालून दिले. "जाऊन येतो," म्हणाले. गेले खरे. पण कुठे गेले, ते दारात उभं होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगाच तोंड सोडते.

यांचा उजवा हात थरथरतो. आधी नुसता अंगठा थरथरायचा, मग मनगट. कप बशीत वाजायला लागला तशी यांनी बशी घेणंच सोडलं. सही करायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. घरात मला कळलं, दुकानात धाकट्या दिराला कळलं, आणि मग गिऱ्हाइकांना कळलं. आमच्या धंद्यात हात लपवता येत नाही हो. समोर भिंतभर आरसा, आणि गिऱ्हाइकाला बसून त्यात बघण्याशिवाय दुसरं काम काय?

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला, यांना खोलीभर चालायला लावलं, बोटांची चिमूट करून उघडझाप करायला लावली. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "घाबरू नका, पण अंगावरही काढू नका. मोठ्या डॉक्टरांना दाखवा. औषध लागू पडलं तर हा हात अजून पुष्कळ वर्षं कामाचा राहील. असंच चालू ठेवलंत तर कात्री सुटेल." बाहेर येताना हे म्हणाले, "चांगल्या आहेत बाई, पण घाबरट." घाबरट म्हणे! यांचा हात गेला की धंदा गेला, आणि धंदा गेला की हा माणूस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मला कळत होतं. मी त्यांना ओळखते.

मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. पहिली वेळ मिळाली तेव्हा हे गेलेच नाहीत. त्या दिवशी आणली कात्री.

परदेशी कात्री. पिसासारखी हलकी, मुठीला सोनेरी कड, मखमलीच्या पेटीत झोपवलेली. आता ज्याने जन्मभर केस कापलेत त्याला हे कळू नये? हात थरथरत असेल तर कात्री जड हवी, वजनाने हात जरा तरी जागेवर राहतो. दीर हळूच म्हणाले, "दादा, फार हलकी आहे रे ही." तर यांनी असं बघितलं त्यांच्याकडे! "आता तू मला शिकवणार?" भाऊजींना कंगवा धरायला यांनीच शिकवलेलं. आठवडाही गेला नाही, त्याच कात्रीने पोस्टातल्या काकांचा कान कापला. जराच, पण कानाला रक्त फार. काका भला माणूस. रुमाल दाबून म्हणाले, "होतं असं." जितकी कात्री महाग, तितकी जखम खोल.

पुढच्या महिन्यात काका आले. यांची खुर्ची रिकामी होती. यांनी कापड झटकलं, म्हणाले, "या काका." काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्याच्या आडून म्हणाले, "चालू दे तुमचं. मी थांबतो."

भाऊजींच्या खुर्चीत माणूस होता. त्याच्या मागे अजून एक होता. तरी काका थांबले.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण रिकाम्या खुर्चीमागे कापड हातात घेऊन उभं राहायचं, आणि माणूस तुमच्याकडे न बघता म्हणतो मी थांबतो, त्यापेक्षा त्याने आईवरून शिवी द्यावी, परवडलं. हे ते कापड घडी करायचे. उलगडायचे. पुन्हा घडी करायचे. मी गल्ल्यावर बसून बघायचे आणि माझा जीव तीळ तीळ तुटायचा, आणि तुटला की मला राग येतो, मी काय करू.

मग हा शिरस्ताच पडला. ज्या दिवशी दुकानात कोणी थांबलं, त्या संध्याकाळी घरात खोका आला. एकदा दाढीचं मशीन आलं, त्याला स्वतःचं स्टँड. एकदा कडेने दिवे लागणारा आरसा. एकदा काळा एप्रन, छातीवर सोनेरी दोऱ्याने "उस्ताद" असं भरलेलं. वाफेचं मशीन आलं ते अजून मागच्या खोलीत माझ्या धुण्याच्या दोरीखाली उभं आहे, त्यावर मी मोजे वाळत घालते. मला आधी खोका दिसायचा, मग मी भाऊजींना विचारायचे, "आज कोण थांबलं?" ते नाव सांगायचे. माझा अंदाज कधी चुकला नाही.

आणि हे सगळं यायचं एकाच ठिकाणाहून. बाजारात सलूनच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे, त्याच्या मालकाला मी गोडबोल्या म्हणते. त्याच्याकडे यांना कोणी थांबतो म्हणत नाही. हे आत शिरले की तो उठून उभा राहतो. "या उस्ताद, या! हे बघा, हे मी सगळ्यांना नाही दाखवत." कामावरच्या मुलींना ऐकू जाईल असं म्हणतो, "असे हात आता मिळत नाहीत." असे हात! त्याला दिसत नसेल होय? चहाचा कप तो स्वतः पुढे करतो, अर्धाच भरून. अर्धा भरतो म्हणजे मेल्याला सगळं माहीत आहे.

तर हे आले. नवीन खुर्चीभोवती एक फेरी मारली, उजवा हात खिशात.

"बसून तर बघ," मला म्हणाले.

"दवाखान्याचं काय झालं?"

"गर्दी होती फार."

"आत गेला होतात?"

"लांबूनच दिसत होती."

लांबूनच दिसत होती! भाऊजी एकाचं डोकं भादरत होते, त्यांनी कात्री थांबवली. गिऱ्हाइकाने शहाण्यासारखे डोळे मिटून घेतले.

"अगं, हल्ली लोक बैठक बघून येतात," हे म्हणाले. "बँकेतल्या साहेबांची मान अवघडते जुन्या खुर्चीत. म्हणून ते..."

"म्हणून ते थांबतात? मानेमुळे?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? कोणाला माहीत नाही इथे? काढा तो हात खिशातून! काढा! खुर्चीचा हात थरथरत होता का, की खुर्ची बदलून आणलीत? कात्री बदलली, आरसा बदलला, उद्या मला बदला, पण तो हात घेऊन डॉक्टरकडे जाऊ नका!"

"दुकान माझं आहे," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि हातही माझाच आहे."

मी बादली आपटली. टेबलावर ठेवलेलं खुर्चीचं बिल उचललं आणि म्हटलं, "डॉक्टर संध्याकाळपर्यंत बसतात. मी ही खुर्ची परत करून येते, पैसे आणते, आणि तुम्हाला मानेला धरून नेते. भाऊजी, ते प्लॅस्टिक फाडू देऊ नका यांना."

वाटेत मी गोडबोल्याला काय काय बोलणार होते, ते सगळं दोनदा पाठ केलं. माणसं वळून बघत होती, म्हणजे मोठ्याने बोलत असणार. आजारी माणसाला लुबाडता, लाज वाटत नाही, तुमच्या बापाचे हात थरथरले तर त्याला काय विकाल? फार चांगलं जमलं होतं. तसंच्या तसं तोंडावर मारलं असतं तर तो आयुष्यभर विसरला नसता.

दुकानात थंडगार हवा, कसल्या तरी फुलांचा वास. फळीवर ओळीने नुसती डोकी मांडलेली, प्रत्येकावर वेगळे केस. जिकडे बघावं तिकडे आरसा, आणि आरशाच्या कडेने पांढरेफटक दिवे. माझ्या बाह्या अजून ओल्याच होत्या. काउंटरवरच्या दोघी मुलींनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं.

"वहिनी!" गोडबोल्या उठलाच. "आपण कशाला त्रास घेतला? निरोप धाडायचा."

"खुर्ची परत घ्या," मी म्हटलं.

मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर मी त्याला सोलून काढला असता. तो म्हणाला, "घेतो ना. उस्तादांसाठी काय पण. उद्या माणूस पाठवतो. पण वहिनी, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा."

"दुकानात गल्ल्यावर आपणच बसता ना?"

"मग?"

"नाही, म्हणजे... गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी आपल्यालाच बघतं. बरोबर ना?" आणि तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, कपाळाच्या वर बघत होता. मग हलकेच माझा खांदा आरशाकडे वळवला. तो दिवा वरून असा पडत होता की माझा भांग होता त्याच्या दुप्पट रुंद दिसत होता. केस विरळ झालेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या आरशात मी कधी इतक्या उजेडात उभी राहिले नव्हते. "केस कापणाऱ्याच्या घरचंच डोकं असं असलं की लोकांच्या मनात येतं हो. घरच्या माणसाकडे बघत नाही, आपल्याकडे काय बघणार? गिऱ्हाईक हातामुळे तुटत नसतं वहिनी. पहिल्या नजरेत तुटतं."

काउंटरवरची एक मुलगी फिसकन हसली. दुसरीने तिला कोपर मारलं.

मला बोलायला सुचलं नाही असं आजवर कधी झालं नाही. माझ्या आईला विचारा, सासरी कोणालाही विचारा. पण तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी हात पाठीमागे घेतले, कारण सोड्याने फुटलेली बोटंही त्या उजेडात दिसत होती. आणि मनात एकच, की हा म्हणतो ते खरं असलं तर? काका कानामुळे नाही, माझ्यामुळे थांबले असले तर? काय मूर्खपणा! कान कापला होता त्यांचा! मी स्वतः कापूस दाबला होता! तरी आलं मनात.

गोडबोल्याने खालच्या कप्प्यातून एक गुलाबी पेटी काढली. आत बाटल्या, ब्रश, केस फुगवायचं छोटं मशीन. झाकण माझ्याकडे करून उघडलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे मी सगळ्यांना नाही दाखवत."

हे वाक्य मला पाठ आहे. घरी मी त्याची नक्कल करून भाऊजींना हसवते. आणि तरी, देवाशप्पथ, ते ऐकल्यावर माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं! कोणी तरी उठून पांघरूण घातल्यासारखं. मी किंमतही विचारली नाही. दुकानाच्या खर्चाचे पैसे माझ्या पर्समध्ये होते, ते काढून दिले. हसणाऱ्या मुलीने पेटी चकचकीत पिशवीत घातली, पिशवीला रिबीन बांधली आणि म्हणाली, "पुन्हा या मॅडम." मॅडम ऐकून मी मान ताठ केली.

रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं की खुर्चीचं बिल अजून माझ्या मुठीत आहे, चुरगळलेलं, आणि पैसे परत मागायचे राहूनच गेले.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पिशवी तिथेच गटारात फेकणार होते. फेकली नाही. घट्ट धरून घरापर्यंत आणली, ही तर त्याहून मोठी शरमेची गोष्ट.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाऊजी मागे टॉवेल वाळत घालत होते. हे नवीन खुर्चीत बसले होते, प्लॅस्टिक न काढता, त्यामुळे जरा हलले की चुरचुर आवाज होत होता. मी पिशवी पाठीमागे लपवली. समोर भिंतभर आरसा असताना! रिबिनीसकट दिसली त्यांना.

आता हसतील, म्हटलं. हसायलाच हवं होतं. एवढं तोंड वाजवून गेलेली बाई परत येताना काय घेऊन आली, मी त्यांच्या जागी असते तर वर्षभर सुनावलं असतं.

हे हसले नाहीत. पिशवीत काय आहे तेही विचारलं नाही. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बोलला तो तुला?"

मी ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मग सांगितलं सगळं. भांग, दिवे, पहिली नजर, ती मुलगी. हे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. "हसली?" म्हणाले. "तुला हसली? कोण ती? आणि त्याने हात लावून आरशाकडे वळवलं तुला? थांब, आत्ता जातो. त्याची ती सगळी मुंडकी नाही खाली पाडली तर बघ!" खुर्चीतून उठले, चपला शोधायला लागले. किती महिन्यांनी त्यांना असं तापलेलं बघत होते मी. मधल्या काळात माणूस नुसता खोके उघडत होता.

"ते राहू द्या," मी नाक पुसलं. "आधी मला सांगा, तुम्हाला कोण बोललं? सगळ्यात आधी? पोस्टातले काका ना? बँकवाला? नाव सांगा मला."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? माझ्यासाठी मुंडकी पाडायला निघालात, मग मीही जाते त्याच्या घरी. दारात उभी राहून विचारते, इतकी वर्षं फुकट गप्पा मारून डोकं भादरून घेतलंस तेव्हा नाही थांबलास कधी? सांगा नाव!"

"जाऊ दे म्हटलं ना."

"नाही जाऊ देणार! कोण होता तो?"

"तू," हे म्हणाले.

मी म्हटलं, "काय?"

"भाचीच्या लग्नाला जायचं होतं. मी कात्री घेऊन मागे आलो, तुझी टोकं कापायला, नेहमी कापतो तशी. तू म्हणालीस, तुम्ही राहू द्या, भाऊजी कापतील. आणि टॉवेल गुंडाळून त्याच्या खुर्चीत जाऊन बसलीस. तो हातातलं काम संपवेपर्यंत थांबलीस." ते खिशातल्या हाताकडे बघत होते. "दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. तिकडे नाही गेलो. कात्री आणली."

मला आठवलं. लग्नात फोटो काढणार होते, आणि मी त्यांचा हात बघितला होता, आणि वाटलं होतं, किती अलगद टाळलं मी, त्यांना कळलंही नाही.

"मग तेव्हाच का नाही ओरडलात माझ्यावर?" मी ओरडले. "तोंड शिवलं होतं? एवढी मी सकाळ-संध्याकाळ ओरडते या घरात, तुम्हाला एकदा ओरडता येत नव्हतं? म्हणायचं होतं, बस गप माझ्या खुर्चीत! माझ्या नवऱ्याने माझे केस वाकडे कापले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? वाकडे तर वाकडे!"

"ओरडून काय करणार? बरोबर होतं तुझं."

राग तर एवढा आला होता की खुर्चीवरचं प्लॅस्टिक मी दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. आवाजाने भाऊजी धावत आले. मी त्यांना म्हटलं, "दुकान सांभाळा. आम्ही दवाखान्यात चाललोय. कोणी आलं तर याच खुर्चीत बसवा आणि म्हणावं, दादा येईपर्यंत थांबा."

"वहिनी, पैसे?"

"तपासण्यांचं पुढे बघू. डॉक्टरांना आधी हात तरी बघू दे."

हे नाही म्हणाले नाहीत. रिक्षात मी माझ्या बाजूने बाहेर बघत होते, ते त्यांच्या.

मोठ्या दवाखान्यात खरंच गर्दी होती, म्हणजे लांबून दिसलेली गर्दी खोटी नव्हती. बाकांवर माणसं, भिंतीला टेकून माणसं. आम्ही एका कोपऱ्यात उभे राहिलो. यांच्या अंगावर सकाळचाच इस्त्रीचा शर्ट, केस व्यवस्थित विंचरलेले, त्यामुळे आजारी मीच वाटत असणार, डोळे रडून सुजलेले आणि बाह्या अर्धवट ओल्या. आतून नर्स बाहेर आली, आमचा नंबर पुकारला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चला ताई, या आत. पेशंट तुम्हीच ना?"

मी काही बोलायच्या आत यांनी उजवा हात खिशातून काढला आणि शाळेतल्या मुलासारखा वर धरला. सगळ्यांदेखत. तो हात एवढा हलत होता की शर्टाची बाही फडफडत होती. "मी," हे म्हणाले. "मी पेशंट."

बाकावरचा एक गृहस्थ मान वर करून त्या हाताकडे बघतच राहिला.

"काय बघताय?" मी त्याच्यावर खेकसले. "हात कधी बघितला नाही?"